सात दहाची नोंद

यशवंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवीच्या वह्या तपासत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, सुलभाकाकूंचा होता. "गेले गं हे," एवढंच म्हणाल्या. मी "येते" म्हटलं, उरलेल्या सहा वह्या तपासल्या आणि मग उठले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गं?" "वडलांचे मित्र," मी म्हणाले. अकरा दिवस आधी कुणी विचारलं असतं तर हेच उत्तर मी केवढ्या अभिमानाने दिलं असतं... त्या दिवशी मात्र ते म्हणताना मी पर्स आवरत राहिले.

या पुरवणीच्या अनेक वाचकांनी यशवंतकाकांना पाहिलेलं असेल. निवृत्त झाल्यावर ते अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या शाळांमधून फिरायचे आणि वीज कशी तयार होते ते मुलांना सांगायचे. खिशातून कोळशाचा एक खडा काढून बाकावर ठेवायचे. "हा दळायचा. किती बारीक? आईच्या डब्यातल्या पावडरइतका. मग हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकायचा. भट्टीच्या भिंती विटांच्या नसतात बरं का, पाण्याच्या नळ्यांच्या असतात. पाण्याची वाफ, ती वाफ आणखी तापवायची, टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची. टर्बाइन फिरलं की जनरेटर फिरला, जनरेटर फिरला की तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरला!" मुलं वर बघायची. मग ठरलेला प्रश्न, "यात सगळ्यात जपायची गोष्ट कोणती?" मुलं ओरडायची, आग! काका मान हलवायचे. "पाणी. आग कमी पडली तर दिवे जातात. पाणी कमी पडलं तर माणसं जातात." माझ्या वर्गात त्यांनी हे किमान दहा वेळा सांगितलं असेल. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि दर वेळी मला भरून यायचं. त्यांच्यामुळेच तर मी विज्ञान शिकले.

माझे वडील काशिनाथ आणि यशवंतकाका अंबरनाथजवळच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात एकाच पाळीत होते. तो कारखाना केव्हाच बंद झाला, धुराडंही पाडलं. बाबा बॉयलर अटेंडंट, काका कंट्रोल रूममध्ये डेस्कवर. बॉयलरच्या अगदी वरच्या मजल्यावर पाण्याचा मोठा ड्रम असतो आणि त्यातलं पाणी किती ते दाखवणारी एक काच. तिच्या नळ्या तुंबल्या तर काच खोटी पातळी दाखवते, म्हणून पाळीच्या सुरुवातीला झडपा उघडून वाफेच्या जोराने ती साफ करायची. त्याला ते 'काच ब्लो करणं' म्हणत. बाबा रोज सकाळी सात मजल्यांचे जिने चढायचे, काच ब्लो करायचे आणि तिथल्या फोनवरून खाली कळवायचे. काका ते लॉगशीटवर लिहायचे. वर्षानुवर्षं हेच. घरी आई हसून म्हणायची, "तुमी दोगं दिसभर फोनवर बोलता, तरी सांच्याला बोलायला उरतंच कसं?"

मी सहावीत होते तेव्हा एका सकाळी ड्रममधलं पाणी झपाट्याने उतरलं. भट्टीतल्या नळ्या फुटल्या, वाफ आणि पेटती राख खालच्या दारातून बाहेर आली. तिथे राख काढणारे बुवापाड्यातले विठ्ठलराव भाजले आणि तिसऱ्या दिवशी गेले. चौकशी बसली. लॉगशीटवर त्या सकाळी काच ब्लो केल्याची नोंदच नव्हती. काकांनी सांगितलं, "काशिनाथचा फोन आला नव्हता." म्हणजे काच तुंबलेलीच राहिली आणि खोटी पातळी दाखवत राहिली, असा ठपका बाबांवर आला.

बाबांनी भांडायला हवं होतं. पण रोज केलेली गोष्ट नेमकी त्याच दिवशी केली की नाही हे शपथेवर कसं सांगणार? आपण सकाळी दात घासले हे आठवतं, की घासलेच असणार असं वाटतं? बाबा आठवून आठवून थकले आणि शेवटी म्हणाले, "यशवंता म्हणतो फोन आला नव्हता. तो कशाला खोटं बोलेल? माझंच चुकलं असणार."

नोकरी गेली. पुढे बाबा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागले. दुकानाचे सिंधी शेठ मला एकदा कौतुकाने म्हणाले, "तेरे पप्पा जैसा आदमी नहीं देखा. शटर को ताला लगाके तीन बार वापस आके देखता है." मला ते कौतुक वाटलं नाही. घरीही तेच होतं. "गॅस बंद केला ना गं मी? तू बघितलंस ना? तू सांग, माझं काय खरं नाही." दर वर्षी विठ्ठलरावांच्या तिथीला ते बुवापाड्यात जायचे, त्यांच्या दारासमोर रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे. आत जायची हिंमत कधी झाली नाही. सोबत यशवंतकाका असायचे. दर वर्षी.

आणि आमच्याकडे दर रविवारी. मला गणित शिकवायला, बाबांशी दोन शब्द बोलायला. माझं बी.एस्सी.चं ॲडमिशन, लग्नातली धावपळ, बाबांचं आजारपण, सगळ्यात ते पुढे होते. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी होते. बाबांनी काकांचा हात धरून विचारलं, "यशवंता, मी खरंच फोन केला नव्हता का रे?" काकांनी ओल्या रुमालाने त्यांचं तोंड पुसलं. "आता कशाला ते काढतोस, काशी..." बाबांनी डोळे मिटले. मी तेव्हा काकांच्या मायेने रडले होते.

ते जाण्याआधी अकरा दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. ऑक्सिजनची नळी लावलेली, आवाज बारीक झालेला. त्यांनी एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. लॉगशीट. त्याच दिवसाची.

"ही खरी," ते म्हणाले. "चौकशीला दिली ती मी नंतर बसून लिहिली."

मी ओळ शोधली. सात दहा. काच ब्लो केली, पाणी निम्म्यावर. काशिनाथ.

"पाणी कमी झालं की बॉयलर आपोआप बंद पडायचा स्विच असतो. तो सारखा पडायचा म्हणून साहेबांनी काढून ठेवायला सांगितला होता. तोंडी. हात माझा होता. त्या दिवशी डेस्कवरचा पाण्याच्या पातळीचा काटाही अडकला, मला कळलंच नाही. काशीने त्याचं काम केलंय असं निघालं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बॉयलर बंद का नाही पडला..."

"बाबांनी विचारलं होतं तुम्हाला. माझ्यासमोर."

"हो."

"तेव्हा तरी सांगायचं. फक्त त्यांना."

काकांनी नाकाजवळची नळी सारखी केली. "तो मला माफ करेल याची खात्री होती, वैशू. तेच नको होतं."

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि उठून आले. पाणीसुद्धा प्यायले नाही. नंतर एकदाही गेले नाही. ते वाट बघत होते, असं काकू म्हणाल्या.

तेराव्यानंतर काकूंना भेटले आणि सगळं सांगितलं. त्या कपाटाला टेकून ऐकत होत्या. "तो कागद मी संसारभर बघितला," त्या म्हणाल्या. "साड्यांच्या खाली असायचा. कपाट आवरताना विचारलं की म्हणायचे, काशिनाथचं आहे, द्यायचं राहिलंय. मला वाटलं काही देणंघेणं असेल..." मग हळूच म्हणाल्या, "शाळा त्यांचा फोटो लावणार आहेत म्हणे. तुला काय लिहायचं ते लिही. मी अडवणार नाही."

आईला सांगणं सगळ्यात अवघड होतं. ती वाल सोलत होती. सोलता सोलता ऐकलं. म्हणाली, "वाच." मी ओळ वाचली. "परत वाच." तीनदा वाचून घेतली. मग हातातली शेंग तशीच ठेवून म्हणाली, "तुझा बापूस मला रोज विचारायचा, मी केला असंल ना गं फोन? आन् मी काय सांगायची ठाऊक आहे? जाऊ द्या, मानसाच्या हातून व्हतं." तिने वाल बाजूला सारले. "मी पन नाय इस्वास ठेवला गं त्याच्यावर. आन् परवा यशवंतासाठी धाय मोकलून रडले मी."

काकांवरचा माझा राग खोटा नाही, आणि त्यांनी मला शिकवलं तेही खोटं नाही. दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला अजून जमलेलं नाही. आईने कागद देवघराच्या खणात ठेवायला सांगितलं. ठेवण्याआधी मी तो खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. बाबांची सही त्यावर कुठेच नाही, ती लागतच नसे. बाबा खरे होते हे सांगणारी जगात एकच ओळ आहे आणि तीही यशवंतकाकांच्या हातची, त्यांच्या त्या गोल, नीटस, एकही खाडाखोड नसलेल्या अक्षरातली.