तळ्यात राखलेले तीन कटले

आमच्या वडिलांना मेंढरातलं कळायचं. कळपाला कोणता मेंढा ठेवावा हे विचारायला लोक त्यांना औंढ्याच्या बाजारात हात धरून न्यायचे. रुंद पाठ आणि दांडगं अंग दिसलं की मेंढा पसंत! हीच नजर त्यांनी एकदा माशांवर फिरवली आणि सगळं गाव दोन वर्षं माशाला मुकलं.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. वडिलांनी पूर्णेतून घागरभर कटला माशाची पिलं आणून गावच्या तळ्यात सोडली होती. उन्हाळ्यात तळं आटत आलं तेव्हा त्यांनी एकेक मासा हातात घेऊन पाहिला. किरकोळ होते ते गावात वाटले आणि सगळ्यांत दांडगे तीन बियाण्याला राखले.

"ह्यांची पिलं ह्यांच्यावानीच निघतील. तळं भरून देतो, तवर कुणी जाळं टाकायचं न्हाई," असा त्यांनी चावडीवर शब्द दिला.

दोन पावसाळे गेले, पिल्लू काही दिसेना. लोक मेंढ्याचंही विचारेनासे झाले. वडील घरात आमच्यावर उखडायला लागले.

शेवटी आषाढात त्यांनी पूर्णेकाठच्या, मासे धरणाऱ्या एका भोईणीला बोलावलं. तिनं जाळ्यातल्या माशाचं पोट चाचपलं.

"ही मादी. ही बी मादी. आन् ही बी! दादा, नर कुठं हायत?"

मला हसू आवरेना. नर आम्ही कधीच कालवणात खाल्ले होते. मेंढरात नर दांडगा, या माशांत मादी दांडगी, हे वडिलांना कोण सांगणार?

"नर असते तरी काय," ती म्हणाली, "हा मासा साचल्या पाण्यात पिलं देत न्हाई. पुराचं पाणी लागतंय."

लोक म्हणाले, आता कापा. वडील म्हणाले, "गाभोळीनं भरल्यात त्या, पोटात अंडी हायत. न्हाई कापायच्या."

विहिरीची चामड्याची मोट गाडीत बांधली, पाण्यानं भरली, आणि मासे घालून आईसकट आम्ही सगळ्यांनी पूर्णा गाठली. पुराच्या पाण्यात मोट उलटी करताच तिघी निघून गेल्या. वडिलांनी सरळ डोळे पुसले.

"पहिलं बाळंतपण माहेरीच व्हाया पाहिजे," ते म्हणाले.

आई मोटेतलं उरलेलं पाणी काढत होती. "मला चार लेकरं झाली," ती म्हणाली. "एकदा तरी धाडलं का तुमी माहेरी?"

मेंढरांकडं कोण बघणार, हे वडिलांचं नेहमीचं उत्तर. त्या दिवशी मात्र मेंढरं मागं टाकून आम्ही सगळेच माशांना माहेरी पोचवायला आलो होतो.