पंख्याने वाचलेली कादंबरी

आमच्या मुक्ताची अकरावीच्या खास इंग्रजीच्या वर्गात निवड झाली, म्हणून बाईंनी सुट्टीत वाचायला एक कादंबरी दिली. ती इतकी जाड, की घरात आली त्या दिवशी इमारत अर्धा इंच खचली. शाळा उघडताच त्या कादंबरीवर निबंध द्यायचा होता.

मे महिन्यातली दुपार होती. कावळे स्वतःच्याच सावलीत बसले होते. मुक्ता उघड्या पुस्तकाशेजारी झोपली होती. टेबलफॅन मान वळवत यायचा, दोन पानं उलटायचा आणि विचार करत निघून जायचा. माझ्यादेखत त्याने तीन प्रकरणं संपवली. सुट्ट्या अशाच जातात, वाटलं; आपण डुलक्या घेतो आणि वारा पुढचं वाचून टाकतो.

मुक्ता दचकून उठली. "बाबा, पान का उलटू दिलंस?"

"आळशे, आठवडाभर तू त्याच पानावर आहेस!"

"पुढच्या पानावर म्हातारा नावाडी मरतो. वर्गातली सई म्हणाली. मी वाचत नाही तोवर तो वल्हवतोय."

"आणि निबंध?"

"लिहीन रे. आजचा दिवस वल्हवू दे ना त्याला."

मी उठलो आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद केला. थोड्याच वेळात मला इतका घाम सुटला, की त्यात एक होडी सहज चालली असती.