मोठ्याचे हात, हळूचे हात

गाण्याच्या बाई वर्गात असं काही वाजवायच्या की ते फक्त सहा वर्षांखालच्या पोरांनाच ऐकू यायचं, अशी कुजबुज त्या शाळेच्या फाटकाशी बरेच दिवस चालली. एका आईनं म्हणे खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. कुणी मोहिनी म्हणालं, कुणी मंत्र. एका आजोबांनी तर नातवाचे कान बॅटरी लावून तपासले. निघाला तो मळ.

बाईंचं काम तसं साधं. शिशुवर्गाला सुरांतला भाव शिकवायचा. सूर मोठा झाला की हात पसरायचे, हळू झाला की ओंजळ मिटायची, ठुमकत आला की बोटं नाचवायची. "पाठ करायचं नाही हं. आत काय हलतं ते हातांना सांगू द्या," असं त्या बजावायच्या, आणि ती चिल्लीपिल्ली शहाण्यासारखी माना डोलवायची.

दोन वर्षांपूर्वी बाईंचे कान गेले. आधी हळू सूर गेले, मग सगळेच. हे फक्त घरातल्या थोरल्या बहिणीला ठाऊक होतं, आणि ताई काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. भाजी निवडताना ओठ मोठे करकरून ती रोज टोमणा मारायची, की अगं, आता तरी घरी बस, नाहीतर एक दिवस शोभा होईल. बाई हसून सोडून द्यायच्या. बोलणाऱ्याचे ओठ वाचून त्यांचं भागत होतं, आणि वर्गात पोरांचे हात हेच त्यांचे कान झाले होते. ओंजळी मिटल्या, म्हणजे हळू वाजलं.

त्या दिवशी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या. गाण्याचा तास ठेवायचा की त्या जागी कवायत घालायची, हे आज ठरणार होतं. बाईंनी कीबोर्डचा लाल दिवा पेटलेला पाहिला आणि नेहमीचं गाणं धरलं. काय सांगावं, अठरा पोरांचे हात एकदम पसरले, एकदम मिटले. एरवी एकमेकांना चिमटे काढणाऱ्या जुळ्यांनीसुद्धा शेवटच्या ओळीला अलगद ओंजळ केली. बाईंचे डोळे भरून आले.

मान वर केली, तर मुख्याध्यापिका उभ्या, चेहरा उतरलेला. खिडकीतून डोकावणाऱ्या एका आईनं आ वासलेला. मुख्याध्यापिका पुढे येत काहीतरी पुटपुटल्या, पुन्हा पुटपुटल्या, मग बाईंकडे नीट बघून थांबल्या. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'बाई, कीबोर्ड वाजतच नव्हता.'

बाई पोरांकडे वळल्या. "मग तुम्ही हात कसे केले रे?"

पुढच्या रांगेतली चिमुरडी अभिमानानं उठली. तिचे ओठ बाईंना अगदी स्पष्ट दिसले.

"आम्हाला पाठ आहे."

कधीपासून, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. संध्याकाळी ताई ऐकून घेत राहिली, टोमणा काही मारला नाही. तेच जास्त लागलं. सोमवारपासून त्या तासाला कवायत सुरू झाली, आणि फाटकाशी ती कुजबुज.

त्या तासाच्या दिवशी सकाळी फडक्यानं पुसताना कीबोर्डची आवाजाची चकती शून्यावर गेली होती. पुसला होता बाईंनीच.