चकाजवळचे चार इंच

धोंडिराम खरात आयुष्यात खोटं फार कमी बोलले, आणि जे बोलले ते बहुतेक बायकोशी. चहा दोनदा झाला असला तर एकदाच झाला म्हणायचं, बिडी सुटली म्हणायचं, एवढ्यावर भागायचं. त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या हातून एक मोठं खोटं घडलं, तेव्हा ते घेऊन जगायचं कसं, हे काही त्यांना माहीत नव्हतं. सराईत लबाड माणसाला निदान झोप तरी लागते. यांची तीही गेली.

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीखाली त्यांचं घर होतं. खालची खोली मशीनची, वरचा पोटमाळा माणसांचा. मशीन म्हणजे लेथ. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा, त्याला धारदार टूल लावायचं आणि सोलून सोलून हवा तसा गोल करायचा. सहा फुटांची, विलायती बनावटीची, अंगावर कंपनीचं नाव ओतलेलं आणि त्यातली निम्मी अक्षरं झिजून गेलेली. परळच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या दुरुस्ती खात्यातून ती धोंडिरामांनी उचलली, तेव्हा मुलगा श्रेयस रांगत होता. त्याआधी ते साकीनाक्याला एका कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. कारखाना गुजरातला गेला, हे गेले नाहीत. पुढची तीस वर्षं पंपाचे बुश, उसाच्या गुऱ्हाळाचे रोलर, शिलाई मशीनचे दांडे, जो जॉब येईल तो त्यांनी त्या लेथवर केला. बायको विमलाबाई तिला "तुमची थोरली" म्हणायच्या. थोरलीला रोज तेल मिळतं, धाकटीला सणासुदीला साडी, असं शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या.

खैरानी रोडपर्यंत धोंडिरामांचं नाव होतं. खरातांचा जॉब म्हणजे मोजायची गरज नाही, असं लोक म्हणायचे. यात एक गोम होती आणि ती फक्त धोंडिरामांना ठाऊक होती. लोखंडाचा तुकडा ज्या जबड्यात घट्ट धरतात त्याला चक म्हणतात. लहानसहान कामं सगळी चकाजवळच होतात. आधी गिरणीवाल्यांनी आणि मग धोंडिरामांनी इतकी वर्षं तिथेच कामं केली, त्यामुळे ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाटावरून टूल सरकतं तो बेड चकाजवळ चार इंचांपुरता झिजला होता. टूल तिथे पोचलं की केसभर खाली बसायचं, केसभर मागे सरायचं, आणि जॉब त्या टोकाला जाड राहायचा. धोंडिराम काय करायचे, तर तिथे आलं की उजव्या हाताने हँडल हलकेच आत रेटायचे. किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला माहीत होतं. मशीन वाकडं कापायची आणि हात सरळ करून घ्यायचा. लोक मशीनची तारीफ करायचे आणि धोंडिराम ती ऐकून घ्यायचे. त्यांना ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग टेकडीखालची घरं बिल्डरकडे गेली. श्रेयस पवईच्या ऑफिसात चांगल्या नोकरीला होता, त्याने मुलुंडला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नवव्या मजल्यावर लेथ जात नाही. "पप्पा, वजनावर देऊन टाकू," तो म्हणाला आणि एका भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाल्याने मशीनभोवती एक चक्कर मारली, बेडवर हातोडी ठोकली, आवाज ऐकला आणि खुशीत म्हणाला, "बीड है. मस्त पिघलेगा." ती हातोडी धोंडिरामांच्या बरगडीत बसली. त्या दिवशी त्यांनी भाकरी तशीच ठेवली. कोणीतरी चालवणारा माणूस मिळू दे, एवढंच त्यांचं चाललं होतं.

तशात संघमित्रा आली.

ती बुद्धविहारातल्या ओळखीची. बत्तीस वर्षांची, आयटीआयमधून टर्नर झालेली. सात वर्षं एका कंपनीत कॉम्प्युटरच्या मशीनवर बटणं दाबत होती आणि त्याला विटली होती. आईच्या मागे लागून, साठवलेलं मोडून तिने खैरानी रोडला छोटा गाळा भाड्याने घेतला होता. स्वतःच्या हाताने काम करायचं, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. मशीनभोवती ती फिरली, पण हातोडी न घेता. तळवा फिरवत फिरली. धोंडिरामांचा जीव भांड्यात पडला.

"काका, सरळ कापते ना?" तिने विचारलं.

"तूच बघ," धोंडिराम म्हणाले.

त्यांनी लांब सळई दोन्ही टोकांशी मशीनमध्ये अडकवली आणि चकापासून दूर, पलीकडच्या अंगाला कट घेतला, जिथे बेड अजून नव्यासारखा होता. संघमित्राने मायक्रोमीटर लावून इकडे मोजलं, तिकडे मोजलं. केसभर फरक नाही. "झकास!" ती म्हणाली. मग सळईच्या दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाली, "चकाजवळ पण एकदा बघू?"

तेवढ्यात विमलाबाई कप घेऊन पोटमाळ्यावरून उतरल्या.

"चहा थंड होतोय," धोंडिराम म्हणाले. "आधी चहा घे."

ती चहा प्यायली, गप्पा झाल्या, व्यवहार ठरला. खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती आणि दुसऱ्या दिवशी हातोडीवाला आला असता. धोंडिरामांनी मनाशी हाच हिशोब मांडला होता आणि तो चुकलाही नव्हता. मशीन वाचली. टेम्पोत चढवताना त्यांनी स्वतः तिच्याखाली लाकडं लावली.

महिन्याभराने संघमित्रा मुलुंडला पेढे घेऊन आली, सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. टर्नर लोकांत काहीजण पहिला जॉब विकत नाहीत, ज्याच्याकडून विद्या किंवा मशीन हाती आली त्याला देतात. तिने पितळेचे दोन मेणबत्ती स्टँड केले होते, वीतभर उंचीचे, चकचकीत. विमलाबाईंनी ते लगेच बुद्धमूर्तीसमोर फळीवर ठेवले. धोंडिरामांनी त्यातला एक आधी हातात घेतला होता. त्यांचा अंगठा खालून वर गेला आणि टोकाशी अडला. दांडा त्या टोकाला किंचित जाड होता. दुसऱ्या कोणाला जन्मात कळलं नसतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "छान झालेत."

तिथून पुढे त्या घरात संध्याकाळ नकोशी झाली. विमलाबाई मेणबत्त्या लावायच्या, वंदनेला बसायच्या, आणि धोंडिरामांना समोर मूर्ती न दिसता स्टँड दिसायचे. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, त्यांचे नुसते ओठ हलायचे. पोरीचा हात बसेल, वर्षभरात तिला आपोआप जमेल, आपल्याला तरी कोणी शिकवलं होतं, असं ते स्वतःला सांगायचे. फोन करून सांगावं असं रोज वाटायचं. पण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या. मशीन वाकडी आहे ही एक. खरात वाकडा निघाला ही दुसरी. पहिली एक वेळ जमली असती.

अशोक विजयादशमीच्या आधीच्या रविवारी संघमित्रा पुन्हा आली. जयभीम केला, बसली, पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही.

"मशीन काय म्हणते?" धोंडिरामांनी विचारलं.

"काका, मला माफ करा हां," ती म्हणाली. "मी तुमची मशीन बिघडवली."

धोंडिराम खुर्चीत पुढे सरकले.

"एका छापखान्याच्या रोलरचं काम मिळालं होतं. माझा रोलर एका टोकाला जाड येतो. त्यांनी कागद घातला की सरकतो एका बाजूला. दोनदा अख्खा लॉट परत आला. मी टूल बदललं, मशीनची लेव्हल परत लावली, मोटरचा पाया नवीन केला. तीच बोंब. मशीन तर सरळ आहे, तुमच्याकडे मी स्वतः मोजलंय. म्हणजे माझाच हात वाकडा ना?" तिने हात उलटे करून पाहिले. "सात वर्षं बटणं दाबून हात मेला असेल. आई बोलतेच, तुझ्याच्याने होणार नाही म्हणून."

"मग आता?" विमलाबाईंनी विचारलं.

"कंपनीवाले परत घेतायत. एक तारखेपासून जाते. गाळा सोडतेय. मशीनला दुसरं गिऱ्हाईकच नाही काकू, भंगारवाला तेवढा तयार आहे. पण काकांना न विचारता द्यायची म्हणजे जीव होईना. म्हणून आले."

विश्वास बसलेल्या माणसावर शंका घ्यायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा स्वतःवर घेणं सोपं असतं. त्या पोरीने तेच केलं होतं, आणि समोर बसलेला म्हातारा, ज्याला सगळं माहीत होतं, तो काय म्हणाला?

"हात बसायला वेळ लागतो गं," म्हणाला.

ती "हो ना" म्हणाली आणि थोड्या वेळाने गेली. धोंडिराम खुर्चीत तसेच बसून राहिले. त्यांना स्वतःची किळस आली होती. विमलाबाईंनी दार लावलं, ग्लास उचलला आणि आत जाता जाता थांबल्या.

"मी त्या दिवशी चहा उकळता ओतला होता," त्या म्हणाल्या.

"कुठल्या दिवशी?"

"अहो, थंड कुठून होणार होता तो?"

एवढंच. तीस वर्षं त्या खोलीत वरून खाली बघत त्यांनी संसार केला होता. नवऱ्याचा हात चकाजवळ आला की काय करतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिराम खैरानी रोडला गेले. संघमित्रा गाळा आवरत होती, टूल्स गोणपाटात बांधत होती. भिंतीशी नाकारलेले रोलर रचून ठेवले होते. त्यांनी तिला मशीन चालू करायला लावली, एक रोलर चढवला आणि तिचा हात हँडलवर ठेवून वर आपला ठेवला. टूल सरकत आलं. चकाजवळ पोचलं तसा त्यांनी तिचा हात हलकेच आत रेटला.

"आता मोज."

तिने मोजलं. परत मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. दोन्ही टोकं सारखी.

"हे काय केलंत?"

"बेड इथे झिजलाय. मी घेतली तेव्हापासून. इथे आलं की आत रेटायचं. तुझ्या हातात काही खोट नाही पोरी. मशीन वाकडी आहे."

संघमित्राने मशीन बंद केली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी चकाजवळ बघू म्हटलं, तर चहा थंड होतोय बोललात."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. भंगारात जाईल म्हणून भ्यालो."

"आणि मी?" तिचा आवाज चढला. "मी भंगारात गेले असते त्याचं काय, काका? चार महिने मी आईसमोर मान खाली घालून जेवतेय. काल तुमच्या घरी येऊन मी माफी मागितली. मी! आणि तुम्ही ऐकून घेतलीत!"

धोंडिराम "चुकलो" म्हणाले, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच तोकडा वाटला.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

तिने दुसरा रोलर चढवला. पहिला कट जास्त गेला, रोलर टोकाला बारीक झाला. तिने शिवी हासडली, नवा घेतला. धोंडिरामांचा हात दोनदा आपोआप पुढे झाला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. चौथ्या रोलरला तिने खालचा ओठ दातात धरला, चकाजवळ हात एवढासा हलला, आणि धोंडिरामांना मोजण्याआधीच कळलं. तिने मोजलं. मग खाली बसून दोन्ही हात तोंडावर घेऊन रडली, मोठ्याने, शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावेपर्यंत.

रडून झाल्यावर तिने रोलर काढला, फडक्याने पुसला.

"हा माझा पहिला जॉब," ती म्हणाली.

धोंडिरामांनी सवयीने हात पुढे केला. संघमित्राने त्या हाताकडे पाहिलं आणि रोलर बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. मग गोणपाट सोडून टूल्स परत मांडायला लागली. कंपनीला काय कळवणार, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"ते स्टँड परत आणून द्या," ती पाठमोरीच म्हणाली. "वितळवते. नवे करून देईन. पण आत्ता नाही. आत्ता माझ्या मनात राग आहे, आणि रागात केलेलं मूर्तीसमोर नको."

धोंडिरामांनी त्याच संध्याकाळी स्टँड नेऊन दिले. विमलाबाईंनी स्टीलच्या दोन वाट्या पालथ्या घातल्या आणि मेणबत्त्या त्यांच्यावर चिकटवल्या. श्रेयस म्हणाला, ऑनलाइन छान स्टँड मिळतात, मागवू का. नको, धोंडिराम म्हणाले, येणार आहेत. मेण दर आठवड्याला ते स्वतः सुरीने खरवडतात. या गोष्टीला आता दुसरा पावसाळा आला, वाट्या अजून फळीवरच आहेत.