एस.टी.तली आमीन

उस्तानीबींच्या पाठीला कान होते. चुलीकडे तोंड करून त्या भाकरी थापत आणि मागे अंगणात आम्ही दहा पोरी कुराण वाचत असू. माझं एक अक्षर घसरलं की हात न थांबवता म्हणत, "सलमा, मागं फिर!" दहा जणींच्या कलकलाटात मीच कशी सापडायचे, अल्लाला ठाऊक.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर रेणापुरात अधूनमधून धक्के येत. एकदा सबक चालू असताना जमीन हलली आणि आम्ही अनवाणीच रस्त्यावर. कुराण छातीशी कवटाळून उस्तानीबी मागोमाग आल्या नि भर रस्त्यात विचारलं, "हां, कुठवर आलतो?" वर दटावलं, "धरणी हलली म्हणून जेर-जबर हलत न्हाईत!" जेर-जबर म्हणजे अक्षरांच्या खाली-वरच्या खुणा. आम्ही भीती विसरून खिदळत सुटलो.

त्या भ्यायच्या फक्त लातूरच्या क्लासेसना. दहावी झाली की पोरगी लातूरला, कुराण अर्धवट. "तिघी गेल्या. एकीची बी आमीन झाली न्हाई," असं म्हणताना त्यांचा आवाज पडायचा. आमीन म्हणजे कुराण पुरं झाल्याचा सोहळा. चौथी मी. निघायच्या दिवशी माझा तिसावा, शेवटचा सिपारा, म्हणजे कुराणाचा भाग, अर्धा उरला होता. अब्बा म्हणाले, "सुट्टीत बघू." उस्तानीबींनी बुरखा चढवला, बत्तासे घेतले आणि आमच्याबरोबर एस.टी.त चढल्या.

गाडीतच माझं वाचन सुरू झालं. खड्डा आला की ओळ डोळ्यांपुढून उडे, आणि "मागं फिर!" शेजारच्या भाजीवालीने चौकशी केली आणि मग सगळी गाडीच विचारू लागली, "किती ऱ्हायलं?" एक फेटेवाले आजोबा ओरडले, "डायवर, दमानं घे, पोरीचं वाचायचं व्हायचंय!" लातूर आलं तरी शेवटची सूरह, शेवटचा छोटा अध्याय, बाकी. कंडक्टरने दार उघडलंच नाही. माझं वाचून झालं आणि अख्खी गाडी गरजली, "आमीन!" बत्तासे पुरले नाहीत.

मी कुराण मिटलं. "संपलं, उस्तानीबी."

"तसं बोलू नक्को. पुरं झालं की तिथंच पुन्ना सुरू करायचं." फलाटावरच्या बाकावर त्यांनी पहिलं पान उघडून दिलं. "वाच. माझ्याकडं बघू नको."

परतीच्या गाडीच्या खिडकीतून त्या अनोळखी लोकांना सांगत होत्या, "माझ्या पोरीची आमीन झाली!" मला साधा हातही हलवता आला नाही. एका हातात कुराण, दुसऱ्याचं बोट ओळीवर. गाडी वळेपर्यंत मी मोठमोठ्याने वाचत राहिले, त्यांना ऐकू जावं म्हणून.