खाडीसाठी घडवलेली पेटी

तेशीच्या किनाऱ्यावर माणूस ज्याच्यावर जगला, त्याच रूपाच्या पेटीतून मातीत जातो. कोळी माशातून, कोको पिकवणारा कोकोच्या फळातून, ड्रायव्हर आपल्या लाल गाडीतून. आणि पेटी घडवावी ती ओदार्तेईनेच. त्याने रंधा मारलेल्या पेटीत जित्या माणसालाही क्षणभर निजून बघावंसं वाटे.

त्या वर्षी मात्र कुणी न सांगता त्याने एक पेटी घडवली, खेकड्याची. ज्या खाडीत त्याने लहानपणी खेकडे धरले, ती आता श्वासालाही महाग झाली होती. पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, चिंध्या, चपला. पाणी म्हणून दिसत नव्हतं. "मेली बिचारी," तो म्हणाला. "सगळ्यांना पेटी दिली, मग हिलाच का नको?"

मंगळवारी दर्या विसावा घेतो, होड्या वाळूवर असतात. त्या दिवशी त्याने पेटी काठावर मांडली. नांग्या पसरलेला तांबडा खेकडा, पाठीचं झाकण उघडं. गाव गोळा झालं.

पांढऱ्या वस्त्रांतली नाआ अमानुआ, खाडीची पुजारीण, गर्दीतून पुढे आली.

"अरे सुतारा, माझी खाडीआई मेली हे तुला कुणी सांगितलं? नाडी बघितलीस तिची?"

"आई, मला वाटलं..."

"वाटलं म्हणे! जित्या जिवाची पेटी केलीस. उघडलेली पेटी रिकामी परत जात नाही, ठाऊक आहे ना? दिवस मावळायच्या आत हिच्यात मढं घाल. नाहीतर तुझी हत्यारं दर्यात बुडव."

 बापाचा लाकूड तासायचा वाकस छातीशी धरून ओदार्तेई रडू लागला.

तेवढ्यात मासे धुरावून विकणारी अजेली कडाडली, "मढंच पाहिजे ना? मग रडतोस काय बायकांसारखा, वाकून बघ की खाडीत!" लुगडं खोचून ती गुडघाभर चिखलात उतरली आणि काळ्या पिशव्यांचा लगदा ओढून तिने पेटीत आपटला. "घ्या! मीच मासे बांधून दिले यातून. मढं माझ्याच घरचं."

गाव हसलं. मग एकेक जण उतरला. "ती चप्पल आमच्याकडची." "ही बाटली माझ्या जावयाची, मेला पितोच फार!" ओदार्तेईही उतरला, त्याच्या हाताला रंगाचा डबा लागला. आतला तांबडा रंग अजून लकाकत होता, खेकड्याच्या पाठीसारखाच. त्याने तोही पेटीत ठेवला.

मावळतीला पेटी इतकी भरली की झाकण बसेना. पोरांनी खड्डा खणायला घेतला, तशी पुजारीण म्हणाली, "थांबा रे. कुजेल तेच माती घेते. हे मढं ती थुंकून टाकेल. ज्यांचं आहे त्यांनीच ते इथं काठावर सांभाळायचं. आणि सुतारा, तू उशाशी बसायचं."

हत्यारं वाचली. तेव्हापासून दर मंगळवारी ओदार्तेई सुतकाची काळी वस्त्रं नेसून पेटीजवळ बसतो. कुणी कचऱ्याची पिशवी घेऊन काठाकडे आलं की उठून उभा राहतो, मान लववतो आणि हळूच विचारतो, "कोण गेलं हो तुमचं?"

माणूस ओशाळून हसतो आणि पिशवीसकट माघारी वळतो. सगळेच वळतात असं नाही. म्हणून ओदार्तेईने दुसरी पेटी घडवायला घेतली आहे, पहिलीहून मोठी.