मुका फाळका

"कारणाच्या रकान्यात 'ड्रायव्हरची चूक' लिहा आणि सही करा," साळवी सर म्हणाले. त्यांच्या मागच्या भिंतीवर अमेरिकेतल्या एका अजस्र पिकअपचं पोस्टर होतं. तांबडा डोंगर, तांबडं आकाश आणि रिकामा हौदा. पोस्टरमधल्या पिकअपचा हौदा नेहमी रिकामाच असतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात पिकअपच्या चाचण्या घेते. नवी गाडी बाजारात आणण्याआधी आम्ही ती काही जुन्या गिऱ्हाइकांना वापरायला देतो. तशी एक लासूर स्टेशनच्या कलीमभाईंकडे होती. तिसऱ्या आठवड्यात तिचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, चालत्या गाडीत उघडला. आल्याच्या सात गोण्या रस्त्यावर पडल्या. मागे कोणी नव्हतं, हे नशीब.

तीस वर्षांत कलीमभाईंच्या गाडीतून एक गोणी पडली नव्हती. लासूरच्या बाजारात हीच त्यांची ओळख. त्यांच्या भरवशावर माल सोडून व्यापारी घरी जेवायला जात. आता तेच व्यापारी फाळक्याला हात लावून बघत होते.

"स्क्रीनवर लाल अक्षरांत वॉर्निंग आली होती. लॉगमध्ये आहे," सर म्हणाले. लॉग म्हणजे गाडीनं स्वतःच ठेवलेली नोंद.

"त्यांनी ती पाहिली नाही, सर."

"मग चूक कोणाची?"

सही न करता मी लासूरला गेले.

लॉकमध्ये धूळ बसली होती. फाळका बंद दिसायचा, पण अर्धवटच अडकायचा. कोडं तिथेच सुटलं. स्क्रीनचं काय, ते गाडीत बसल्यावर कळलं. त्यावर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं आणि प्लास्टिकवर पांढरा रुमाल.

"कलीमभाई, हे झाकलंय कशाला?"

"नवी चीज हाय, मॅडम. धूळ बसली तर तुमीच बोलाल." त्यांनी रुमालाची घडी सारखी केली. "खरं सांगू? गाडी लई भारी हाय. निस्ती मुकी हाय."

आम्ही शहराच्या रस्त्यानं एक फेरी मारली. काचा वर, एसी चालू. आवाज असा नाहीच. दूर देवगिरीचा किल्ला उन्हाच्या धुरकटात तरंगत होता. बाभळी मागे वाहत होत्या. आपण चाललोय की रस्ताच खालून सरकतोय, कळेना. माझे डोळे जड झाले आणि सगळ्या जुन्या गाड्या एकामागून एक समोरून गेल्या. पहिली, हँडल फिरवून काच खाली करायची, पाट्यांच्या स्प्रिंगवर डुलणारी. तिचा बोल्ट न् बोल्ट बोलायचा. मग पॉवर स्टिअरिंग आलं, मग एसी, मग स्क्रीन. प्रत्येक मॉडेलला आम्ही एक आवाज पुसला. सगळ्यात शेवटी फाळक्याच्या दोन साखळ्या काढल्या. खडखड करायच्या. त्यांच्या जागी रबरात गुंडाळलेली वायर आणि एक इलेक्ट्रिक लॉक.

साखळ्या मी काढल्या होत्या. त्याबद्दल मिळालेली शील्ड माझ्या कपाटात आहे.

परतल्यावर कलीमभाई चहा सांगायला गेले. त्यांची जुनी पिकअप बाजाराच्या मोकळ्या आवारात रिकामी उभी होती. मी तिच्या फाळक्याची उजवी पिन अर्धी ओढून ठेवली. चहा झाल्यावर मी म्हणाले, "आता हिच्यात एक चक्कर मारू."

गाडी माणसाच्या चालीनं निघाली. कलीमभाई सुनेच्या हातच्या खिचड्याचं वर्णन करत होते. पहिल्याच खड्ड्याला मागची साखळी वेगळी वाजली आणि ते वाक्याच्या मध्ये थांबले.

"उजवी पिन कुणी काढली?"

"मी."

"म्हंजे इम्तिहान माझा हाय का गाडीचा?"

"माझा," मी म्हणाले.

कान रुमालानं झाकता येत नाहीत. आम्ही त्यांचा आवाज काढून घेतला आणि बदल्यात वाचायला अक्षरं दिली.

दुसऱ्या दिवशी सरांनी रिपोर्ट वाचला. कारण: लॉकमध्ये धूळ, आणि साखळी काढल्यामुळे चालकाला ते कळलं नाही. साखळी काढण्याचा निर्णय: माझं नाव.

"हे लिहायलाच हवं का?"

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, सर."

"पण साखळी म्हणजे पुन्हा मागे जाणं झालं!"

"फाळका मागेच असतो, सर."

दोन महिन्यांनी साखळ्या परत आल्या, लॉकला धुळीचं झाकणही आलं. ब्रोशरमध्ये साखळीचं नाव 'अकूस्टिक लोड अलर्ट' असं होतं. हॉटेलमधल्या लाँचला निळा धूर सोडला आणि तिचा खुळखुळाट स्पीकरवरून ऐकवला. कलीमभाई पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते.

"मॅडम," ते कानाशी म्हणाले, "ही तर साखळी हाय."

"व्हय."

"मग टाळ्या कशाला?"

"सगळे वाजवतायत म्हणून. वाजवा."

त्यांनी दोन वाजवल्या.

तेव्हापासून गाडीतला कुठलाही आवाज काढून टाकण्याआधी मी विचारते, तो कोण ऐकत होतं? उत्तर बहुधा मीटिंगमध्ये मिळत नाही.

परवा लासूरला गेले. चूक चालकाची नव्हती, असं पत्र मी कंपनीच्या कागदावर कलीमभाईंना दिलं होतं. बाजारभर दाखवून झाल्यावर त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलंय आणि नव्या गाडीत, समोर, सगळ्यांना दिसेल असं टेकवून ठेवलंय. त्यानं स्क्रीन अख्खा झाकला जातो.

आम्ही एक चक्कर मारली. मागे साखळी वाजत होती.